दंड की काठी, बाई?

बाई,

तुम्ही जाऊन आज दहा दिवस झाले. पेपरात तुमच्यावर दोन लेख आलेत, दोन्ही तुमच्या विद्यार्थ्यांचे. तुमचा जन्म कुठला, शिक्षण कुठलं, फ्रेंच किती वर्षं शिकवलंत, सगळं व्यवस्थित दिलंय. मला त्यातलं निम्मं माहीत नव्हतं. मी तुमचा विद्यार्थी नाही, नातेवाईक तर नाहीच. मी तुमचा जुळारी, छापायचं अक्षर न् अक्षर जुळवणारा. तुमच्या फ्रेंच-मराठी कोशाच्या चिठ्ठ्या आधी शिशाच्या खिळ्यांत आणि मग कॉम्प्युटरवर लावत मी डोंबिवलीत बसलो. मला तुमच्यावर लेख लिहायचा नाहीये. आपलं भांडण अर्धं राहिलंय, ते पुरं करायचंय.

तुम्ही पहिल्यांदा आमच्या छापखान्यात आलात तेव्हा तुमच्या हातात बिस्किटांचे दोन पत्र्याचे डबे होते. मला वाटलं, बाई खाऊ वाटायला आल्यात. उघडले तर आत नुसत्या चिठ्ठ्या. एका चिठ्ठीवर एक फ्रेंच शब्द आणि खाली मराठी अर्थ, तुमच्या त्या बारीक तिरक्या अक्षरात. मालक म्हणाले, हे आपल्याकडे जमायचं नाही. मी म्हटलं, जमेल. का म्हटलं ते अजून कळलेलं नाही. आठवी पास माणूस, फ्रेंच हे एका देशाचं नाव आहे की भाषेचं याची सुद्धा नीट खात्री नव्हती.

मग मला त्या अक्षरांवरच्या खुणा दिसल्या आणि मी हबकलो. विचारलं, "बाई, ही इ-च्या डोक्यावरची टोपी कुठून आणू?" तुम्ही हसलात नाहीत. म्हणालात, "टोपीच म्हणू या. मग ही तिरकी रेघ?" मी म्हटलं, "मात्रा." "आणि सी-च्या खालची?" "शेपूट." पुढची सगळी वर्षं आपण फोनवर तसंच बोलायचो. "पाटकर, तेराव्या पानावर शेपूट राहिलंय." एकदा मेधाने, तुमच्या भाचीने, ते ऐकलं आणि विचारलं, "मावशी, प्राण्यांचा कोश करतेस का?"

नौपाड्यातल्या तुमच्या पुढच्या खोलीत संध्याकाळी मुलं फ्रेंच शिकायला यायची. ती गेली की मी यायचो, तुम्ही चहा टाकायचात, आणि आपण प्रुफं वाचायचो. तुम्ही मूळ प्रत मोठ्याने वाचणार, मी प्रुफावर बोट ठेवून पुढे सरकणार. तुम्ही प्रत्येक शब्द असा उच्चारायचात की जणू तो आत्ताच कोणीतरी तुमच्या हातात दिलाय आणि तो सांडू नये. मला अर्थ कळायचा नाही, तरी मी बोट थांबवून ऐकत राहायचो. तेव्हा तुम्ही म्हणायचात, "पाटकर, बोट झोपलं का?"

अशाच एका संध्याकाळी तो शब्द आला. बूर्दों.

तुम्ही चिठ्ठी उचललीत, वाचलीत, चष्मा काढलात आणि म्हणालात, "हा शब्द बघा. यात तुम्ही आहात." मी म्हटलं, मी कसा असेन? तुम्ही एकेक अर्थ सांगायला लागलात. बूर्दों म्हणजे यात्रेकरू हातात धरून चालतात ती लांब काठी. बूर्दों म्हणजे भुंगा. बूर्दों म्हणजे वाद्यातला तो खालचा सूर, आपल्या तंबोऱ्यासारखा, जो गाणाऱ्याच्या मागे अखंड चालू असतो. बूर्दों म्हणजे मोठ्या चर्चची सगळ्यात जड घंटा. एखाद्याला बूर्दों आहे म्हटलं तर तो माणूस उदास आहे, आतून खिन्न झालाय. आणि बूर्दों म्हणजे, तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, जुळाऱ्याच्या हातून सुटलेला मजकूर. प्रतीत आहे आणि छापण्यात नाही, असे शब्द. अशी ओळ.

आमच्या धंद्यात त्याला नुसतं 'सुटलं' म्हणतात, ते सुद्धा शिवी घालून. आमच्या त्या चुकीला कुठल्यातरी देशात स्वतःचं नाव आहे, आणि ते नाव भुंग्याचं, घंटेचं, काठीचं सुद्धा आहे, हे मला पेलेना. मी विचारलं, "सगळं एकच आहे का मग?" तुम्ही म्हणालात, "नाही. विद्वान लोक वेगवेगळे शब्द मानतात, मुळं वेगळी आहेत. काठीचा बूर्दों आला खेचराच्या जुन्या नावावरून. घोडं परवडायचं नाही, तेव्हा ही काठीच गरिबाचं खेचर." मी म्हटलं, मग एकाच चिठ्ठीवर का लिहिलंत? तुम्ही बशी उचलत म्हणालात, "मला ते एकाच घरातले वाटतात म्हणून." त्या रात्री घरी जाताना मी रिक्षात तो शब्द पुटपुटत होतो. रिक्षावाल्याने वळून विचारलं, "काय झालं काका, कुठे जायचंय नक्की?"

आणि मग खडवली. तुमच्या एका विद्यार्थ्याची तिथे नदीच्या अंगाला थोडी जमीन होती, त्याने आपल्याला जेवायला बोलावलेलं. भाजीच्या वाफ्याभोवती वाळक्या बांबूंचं कुंपण. सगळे आत पाटावर बसले आणि तुम्ही गायब. मी शोधायला गेलो तर तुम्ही कुंपणाच्या एका बांबूला कान लावून उभ्या. मला खुणेने बोलावलंत. "ऐका." मी कान लावला. आतून भुंग्याचं गुणगुणणं येत होतं, एकच जाड सूर, न थांबता. बांबूला बोटाएवढं भोक पाडून तो आत घर करून बसलेला. "पाटकर," तुम्ही हळूच म्हणालात, "काठी, भुंगा आणि सूर. एकाच बांबूत." आपण दोघं दोन बाजूंनी त्या बांबूला कान लावून किती वेळ उभे होतो कुणास ठाऊक. आतून हाका येत होत्या, भाकऱ्या गार होतायत म्हणून. मी आयुष्यात देवळात इतका गप्प उभा राहिलेलो नाही.

परतताना मात्र तुम्हीच माझा आनंद घालवलात. म्हणालात, "फ्रेंच बूर्दों आपल्यासारखा लाकूड कोरत नाही, तो केसाळ असतो आणि जमिनीत राहतो. 'भुंगा' लिहिलं तरी ते तंतोतंत नाही." मी भडकलो. म्हटलं, "मग आत्ता ऐकलं ते काय होतं?" तुम्ही म्हणालात, "ते आपलं होतं."

भुंगा आपण मान्य केला. तंबोरा, घंटा, उदासी, सुटलेला मजकूर, सगळं ठरलं. अडलं ते पहिल्याच अर्थावर.

तुम्ही चिठ्ठीवर लिहिलेलं, 'यात्रेकरूचा दंड.' मी प्रूफ हातात घेऊनच म्हटलं, "बाई, हे चालणार नाही. वाचणाऱ्याला वाटेल, यात्रेकरूला पावती फाडली." तुम्ही म्हणालात, संन्याशाच्या हातात दंड असतो, त्यात व्रत आहे, निश्चय आहे. मी म्हटलं, "काठी लिहा. सरळ काठी. गुढीला काठी लागते, देवाची काठी निघते, त्यात काय कमी आहे?" तुम्ही म्हणालात, "काठी म्हटलं की म्हातारपण येतं डोळ्यांसमोर. कुत्री हाकलणारं." मी म्हटलं, "आणि दंड म्हटलं की जोर काढणारा पैलवान." यावर मेधा आतून ओरडली, "तुम्ही दोघं जरा हळू भांडाल का, माझी मीटिंग चालू आहे."

हे आपण किती वर्षं केलं, बाई. दर वेळी ते पान आलं की मी चहाचा कप खाली ठेवायचो आणि तुम्ही पदर खोचायचात. मला वाटतं, दोघांनाही त्याची मजा यायची. पण मी इतका का अडून बसलो ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आज सांगतो.

मी सतरा वर्षांचा, छापखान्यात नवीन. एका लग्नपत्रिकेत माझ्या हातून एक ओळ सुटली. नेमकी वराच्या आजोबांच्या नावाची. पत्रिका सगळीकडे वाटून झाल्या. मालकांनी माझ्या पगारातून दंड कापला आणि दाराशी फळ्यावर खडूने लिहिलं, 'पाटकर : दंड.' महिनाभर ते पुसू दिलं नाही. ते आजोबा एकदा स्वतः आले, पत्रिका हातात घेऊन. मला वाटलं, आता मारतात. त्यांनी फळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि इतकंच विचारलं, "मी राहिलो का रे?" तेव्हापासून माझ्या हातून ओळ सुटलेली नाही. पण तो शब्द जुळवताना अजून माझे हात जड होतात. तुम्हाला हे सांगितलं असतं तर तुम्ही त्याच मिनिटाला तो शब्द खोडला असतात. दया म्हणून खोडला असतात, आणि मला वादात जिंकायचं होतं.

मग तुमचे गुडघे गेले. आधी तुम्ही भिंत धरून चालायला लागलात. मग मेधाने काठी आणली, चांगली खाली रबर असलेली. तुम्ही तिला कधी काठी म्हटलं नाहीत. "ती दे गं जरा." "ती दाराशी राहिली." नाव नाहीच. माझ्या डोक्यात तेव्हाच उजेड पडायला हवा होता. आयुष्यभर माणसांच्या चुका शोधून पोट भरलेला माणूस मी, आणि समोरचं दिसलं नाही.

दिवाळीनंतर तुम्ही प्रस्तावना लिहून दिलीत. मी ती लावायला घेतली आणि दुसऱ्या पानावर माझं नाव आलं. 'श्री. दिगंबर पाटकर'. बाई, माझे कान तापले. प्रस्तावना प्राध्यापक वाचणार, मोठमोठे लोक वाचणार, त्यात हा आठवी पास कोण? छापणाऱ्याचं नाव शेवटच्या पानावर बारीक टायपात असतं, तिथे ते बरं दिसतं. मी पुढचं वाचलं सुद्धा नाही. आभारच असणार, अजून काय. सगळा परिच्छेद उडवला आणि त्याच्या पुढचा लावला. मुद्दाम. चाळीसेक वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातून मजकूर सुटला आणि तो मी स्वतः सोडला.

पहिलं प्रूफ परत आलं, त्या जागी समासात तुमची खूण आणि एकच शब्द, 'बूर्दों.' मी हसलो आणि तसंच ठेवलं. दुसऱ्या प्रुफावर पुन्हा तेच. फोनवर तुम्ही म्हणालात, "पाटकर, तुमच्यासारख्याच्या हातून मजकूर सुटतो?" मी म्हटलं, "वय झालं बाई." मूळ प्रत दर वेळी प्रुफाबरोबर तुमच्याकडे परत जायची, आणि ती पुन्हा उघडून वाचावी असं मला एकदाही वाटलं नाही.

आणि मग ती शेवटची भेट. बी-च्या पानांचं आणि प्रस्तावनेचं शेवटचं प्रूफ घेऊन मी आलेलो. तुम्ही आतून बाहेर यायला खूप वेळ लावलात, एकेक पाऊल टाकत. बसल्यावर धाप लागलेली. मी पानं उघडली, 'यात्रेकरूचा दंड' तसाच होता, आणि मी पुन्हा सुरू झालो. तुम्ही नेहमीसारखं म्हणालात, "दंडच बरोबर." आणि मी, बाई, मी तुमच्या हाताकडे बोट दाखवून म्हटलं, "मग हे काय आहे तुमच्या हातात? दंड?"

तुम्ही चिडला नाहीत, हसला नाहीत. मेधा पाणी घेऊन आलेली, ती दारातच थांबली. तुम्ही पानं नीट एकावर एक लावलीत आणि म्हणालात, "उद्या या, पाटकर. आज मला दम लागतोय." मी उद्या गेलो नाही. परवा गेलो नाही. मला तुमच्यासमोर यायची लाज वाटत होती आणि मी स्वतःला सांगत होतो की काम खूप आहे. दोन आठवड्यांनी मेधाचा फोन आला. नौपाड्यात पोचलो तेव्हा इमारतीखाली माणसं उभी होती. मी वर आलो नाही. कोपऱ्यावरच्या दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिलो. माफी मागायची तर कुणाची, तुम्ही तर निघालेल्या.

काल मेधाने बोलावलं. शेवटचं प्रूफ तुमच्या टेबलावर होतं, तपासून ठेवलेलं. आपल्या त्या भेटीनंतर तपासलेलं. तुमचं अक्षर थरथरतं होतं, पण एकही टोपी, एकही मात्रा तुम्ही सोडली नव्हतीत. आणि प्रस्तावनेच्या दुसऱ्या पानावर, तिसऱ्यांदा, 'बूर्दों.' इतकं लागेल असं बोललो मी, आणि तरी तुम्हाला तो परिच्छेद हवाच होता. मी त्या शब्दाकडे बघत उभा राहिलो. म्हटलं, लाज गेली खड्ड्यात, बाईंना हवंय तर लावू माझं नाव.

मेधाला म्हटलं, "मूळ प्रत काढ. तू वाच, मी बोट ठेवतो." ती तुमच्या जागेवर बसली. वाचता वाचता त्या परिच्छेदाशी आली, आणि थांबली. "काका, हे तुम्ही वाचलंय ना?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "मग ऐका."

तुम्ही लिहिलं होतंत, "'बूर्दों' या शब्दाखाली मी बरीच वर्षे 'दंड' धरून बसले. श्री. दिगंबर पाटकर 'काठी' म्हणत, आणि त्यांचेच बरोबर होते. फ्रेंच यात्रेकरू गरीब होता. त्याच्या हातात काठीच होती. मला त्या शब्दाची भीती वाटत होती, इतकेच."

खाली, गोलात, म्हणजे छापायचं नाही, फक्त जुळाऱ्यासाठी, "पाटकर, इथवर वाचलंत की शब्द तुम्हीच बदला. माझ्या हाताने होत नाही."

दिवाळीपासून, बाई. दिवाळीपासून तो कागद दर वेळी माझ्या घरी येऊन परत जात होता. तुम्ही वाद सोडून दिला होतात, आणि मी वाचावं म्हणून वाट बघत समासात खुणा करत होतात. त्या दिवशी मी हातातल्या काठीवरून बोललो तेव्हा सुद्धा ते लिहिलेलं होतं, तुमच्या टेबलावर, दोन हातांवर. तुम्ही एका शब्दाने सांगू शकला असतात. पण जे लिहून दिलंय ते तोंडाने सांगायचं नाही, हा तुमचा स्वभाव. आणि मजकूर सोडायचा नाही, हा माझा धंदा. तुम्ही तुमच्या स्वभावाला धरून राहिलात. मी मात्र माझ्या धंद्याला जागलो नाही.

मेधा रडायला लागली. मला रडू आलं नाही. मला भीती वाटली, एवढ्या मोठ्या मनासमोर उभं राहिलं की वाटते तशी. मी पूर्ण परिच्छेद तिथेच तिच्या लॅपटॉपवर लावला, माझ्या नावासकट. मग बी-चं पान उघडलं. 'यात्रेकरूचा दंड' वर जाऊन थांबलो. मेधाने डोळे पुसत विचारलं, "काका, मावशीची आठवण म्हणून राहू द्यायचा का?"

क्षणभर वाटलं, राहू द्यावा. इतकी वर्षं मी याच्याशी भांडलो, आता तो खोडायला हात होईना. माझ्यासमोर तुम्ही बसलेल्या असतात तर मी म्हटलं असतं, राहू द्या बाई, दंडच छान आहे. शप्पथ म्हटलं असतं.

पण तुम्ही लिहून दिलंय. 'दंड' खोडला. 'काठी' लिहिलं. वाद मी जिंकलो, बाई, आणि आयुष्यात पहिल्यांदा तुमचं निमूट ऐकलं.